चुकून जमा झालेली रक्कम : नागरिकाचे कर्तव्य आणि त्याचे संरक्षण

(ग्वाल्हेर येथे मराठी श्रोत्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्वाल्हेर नगरीला पेढी आणि खतावणी या गोष्टी नव्या नाहीत. शिंदे दरबाराच्या काळात येथे महाराजांच्याच मालकीची, सावकारी करणारी एक लहानशी पेढी होती. ‘दुकान पिछाडी’ या नावाने ती ओळखली जाई. माधवराव महाराज शिंदे यांच्या आश्रयाने १९१६ साली तिचे रूपांतर कृष्णराम बलदेव बँकेत झाले आणि पुढे १९७५ साली ही बँक भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. सावकाराची चोपडी, संस्थानी बँकेची खतावणी आणि आजचा संगणक अशा तिन्ही अवस्था या एका शहराने पाहिल्या आहेत. साधने बदलली, वेग वाढला. परंतु हिशेबाचा मूळ नियम मात्र तोच राहिला. जे एकाच्या जमेस दिसते ते दुसऱ्या कोणाच्या तरी नावे पडलेले असते. म्हणून आपल्या खात्यात जमेच्या बाजूस एखादा आकडा अकारण उमटला, तर कोठेतरी दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यातून तो अकारण वजा झाला आहे, असेच समजावयास हवे.

आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे. बँकेच्या अथवा अन्य कोणाच्या चुकीने आपल्या खात्यात रक्कम जमा झाली, तर नागरिकाने काय करावे? प्रश्न साधा दिसतो. ‘परत करावी’ एवढे उत्तर कोणीही सुजाण माणूस देईल. तथापि ती कोणाला, कशी आणि कोणत्या पुराव्यानिशी परत करावी, हे ठाऊक नसल्यामुळे प्रामाणिक माणसेही अडचणीत येतात; आणि ‘आपल्या खात्यात आले ते आपले’ अशा समजुतीमुळे काही जण थेट पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचतात.

आलमपूरची घटना

ग्वाल्हेरच्या शेजारी भिंड जिल्ह्यात आलमपूर हे गाव आहे. मराठी माणसाला ते अपरिचित नाही. सुभेदार मल्हारराव होळकर यांचे २० मे १७६६ रोजी तेथे निधन झाले आणि अहिल्याबाईंनी त्यांची छत्री तेथे उभारली. या आलमपुरातील भारतीय स्टेट बँकेच्या शाखेत घडलेला एक प्रकार नोव्हेंबर २०१९ मध्ये देशभरच्या वृत्तपत्रांत गाजला. जवळपासच्या दोन वेगवेगळ्या गावांतील दोन व्यक्ती या शाखेच्या खातेदार होत्या. दोघांचे नाव एकच. या सारखेपणामुळे शाखेकडून दोघांनाही एकच खाते क्रमांक दिला गेला. एक जण आपल्या कमाईतून त्या खात्यात पैसे भरीत राहिला. दुसरा ते काढीत राहिला. सुमारे सहा महिन्यांत ८९,००० रुपये काढले गेले. पैसे भरणारा जेव्हा आपली शिल्लक काढावयास गेला तेव्हा हा प्रकार उघडकीस आला. पैसे काढणाऱ्याचे म्हणणे असे की, सरकारच आपल्या खात्यात रक्कम पाठवीत आहे असे त्याला वाटले.

यात मूळ चूक निःसंशय बँकेची होती. परंतु या घटनेकडे केवळ बँकेची चूक म्हणून पाहून चालणार नाही. खेड्यातील एका माणसाने पोटाला चिमटा घेऊन बाजूला ठेवलेली पुंजी नाहीशी झाली. आणि दुसऱ्याने खर्च केलेली रक्कम परत करण्याचा बोजा त्याच्याच डोक्यावर आला. दोघेही सामान्य परिस्थितीचे. महिन्या-दोन महिन्यांनी पासबुक छापून घेण्याची सवय दोघांपैकी एकालाही असती, आणि ‘हे पैसे कोठून आले?’ एवढा प्रश्न दुसऱ्याने खिडकीवर विचारला असता, तर पहिल्या काही हजारांवरच हे प्रकरण थांबले असते.

असाच दुसरा प्रकार २०२१ साली बिहारमधील खगडिया जिल्ह्यात घडला. तेथील एका ग्रामीण बँकेकडून एका व्यक्तीच्या खात्यात साडेपाच लाख रुपये चुकून जमा झाले. बँकेने रक्कम परत मागितली. त्याने ती खर्च झाल्याचे सांगून देण्यास नकार दिला. हे पैसे पंतप्रधानांनीच पाठविले आहेत अशी आपली समजूत झाली होती, असे त्याने सांगितले. पुढे त्याला अटक झाली. आलमपूर आणि खगडिया या दोन प्रकरणांतील फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. समजूत दोघांचीही सारखीच; परंतु खगडियात बँकेने चूक स्पष्टपणे दाखवून दिल्यानंतरही नकार दिला गेला. अजाणतेपणाची सीमा तेथेच संपते.

मोठ्यांच्याही चुका

अशा चुका केवळ खेड्यापाड्यांतील शाखांत होतात असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकेतील सिटी बँकेने ऑगस्ट २०२० मध्ये रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या धनकोंना व्याजापोटी सुमारे ७८ लाख डॉलर द्यावयाचे होते. प्रत्यक्षात सुमारे ९० कोटी डॉलर पाठविले गेले. हा व्यवहार तीन व्यक्तींच्या नजरेखालून गेलेला होता. काही धनकोंनी रक्कम परत केली. सुमारे ५० कोटी डॉलर मात्र अडकून पडले. खालच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल बँकेच्या विरुद्ध दिला. तो सप्टेंबर २०२२ मध्ये अपील न्यायालयाने फिरविला. तात्पर्य, चूक कोणाकडूनही होऊ शकते. आणि ती निस्तरण्यास लागणारा काळ व खर्च हा रक्कम घेणारा पहिल्याच दिवशी कसा वागतो यावर अवलंबून असतो.

आपल्याकडे चुकीची शक्यता वाढण्यास एक तांत्रिक कारणही आहे. धनादेशावर नाव लिहिलेले असे आणि काउंटरवरील कर्मचारी ते खात्यावरील नावाशी ताडून पाही. एनईएफटी ही इलेक्ट्रॉनिक पद्धत नोव्हेंबर २००५ मध्ये आली आणि १६ डिसेंबर २०१९ पासून ती अहोरात्र चालू झाली. या पद्धतीत रक्कम जमा होते ती केवळ खाते क्रमांकाच्या आधारावर. नाव बरोबर आणि क्रमांकातील एक आकडा चुकीचा असेल, आणि त्या चुकीच्या क्रमांकाचे खाते अस्तित्वात असेल, तर रक्कम परक्याच्या खात्यात जाऊन बसते. ही उणीव भरून काढण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ रोजी बँकांना असा आदेश दिला की, एनईएफटी आणि आरटीजीएस या दोन्ही पद्धतींत पैसे पाठविण्यापूर्वी घेणाऱ्याचे नाव पाहण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत उपलब्ध करून द्यावी आणि तिच्यासाठी शुल्क आकारू नये. या सोयीचा उपयोग न करता घाईने बटन दाबणे म्हणजे पत्ता न वाचता पत्र टपालपेटीत टाकण्यासारखेच होय.

कायदा काय सांगतो?

हरवलेल्या द्रव्याचा विचार आपल्या परंपरेत प्राचीन काळापासून झालेला आहे. ज्याचा धनी सापडत नाही असे द्रव्य राजाने तीन वर्षे राखून ठेवावे, अशी तरतूद मनुस्मृतीत आहे. सापडलेली वस्तू ही सापडणाऱ्याची नव्हे, धन्याची; सापडणारा केवळ तिचा राखणदार, हा त्यामागील विचार. बँक खात्याच्या बाबतीत तर धनी अज्ञातही नसतो. प्रत्येक नोंदीचा माग लागतो.

इंग्लंडमध्ये १८४१ साली केली विरुद्ध सोलारी हा खटला झाला. एका विमा कंपनीने, हप्ता न भरल्यामुळे रद्द झालेल्या पॉलिसीचे पैसे मृताच्या विधवेला देऊन टाकले. पॉलिसी रद्द झाल्याचे कंपनीच्या संचालकांच्या विस्मरणात गेले होते. कंपनीने निष्काळजीपणा केला एवढ्यावरून तिचा पैसे परत मागण्याचा हक्क बुडत नाही, असे तत्त्व न्यायालयाने सांगितले. ‘चूक बँकेची, मग भुर्दंड आम्हाला का?’ या नेहमी ऐकू येणाऱ्या प्रश्नाचे उत्तर या तत्त्वात आहे. चूक करणारा दोषी असू शकतो. म्हणून घेणारा मालक होत नाही.

आपल्या देशात हेच तत्त्व भारतीय संविदा अधिनियम, १८७२ याच्या कलम ७२ मध्ये आलेले आहे. चुकीने अथवा बळजबरीने ज्याला पैसा दिला गेला, त्याने तो परत केला पाहिजे, असे हे कलम सांगते. देणारा व घेणारा यांच्यात करार झालेला नसला तरी कायदा तेथे परतफेडीचे बंधन निर्माण करतो. हे बंधन केवळ प्रजेवर आहे असे नव्हे. बनारसच्या एका व्यापारी पेढीने कायद्याच्या चुकीच्या समजुतीने विक्रीकर भरला होता. तो परत मिळण्याचा तिचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली या कलमाखाली मान्य केला. सरकारी तिजोरीत चुकून आलेला पैसाही सरकारचा होत नाही, हे त्यावरून स्पष्ट होते.

मुदतीचा प्रश्नही अनेकांच्या मनात असतो. ‘तीन वर्षे गप्प बसले की झाले’ ही समजूत भ्रामक आहे. मुदत अधिनियम, १९६३ याच्या कलम १७ नुसार, चुकीच्या परिणामांतून सुटका मागणाऱ्या दाव्याची मुदत ही चूक उघडकीस आल्यापासून, अथवा वाजवी दक्षतेने ती उघडकीस येऊ शकली असती त्या दिवसापासून मोजली जाते.

ही झाली दिवाणी बाजू. फौजदारी बाजू याहून गंभीर आहे. दुसऱ्याच्या जंगम मालमत्तेचा अप्रामाणिकपणे अपहार करणे अथवा ती आपल्या उपयोगास लावणे हा गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ४०३ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३१४ मध्ये आहे. जुन्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड अथवा दोन्ही अशी शिक्षा होती. नव्या कायद्यात कैद किमान सहा महिने व कमाल दोन वर्षे असून दंडही आहे. म्हणजे केवळ दंड भरून सुटण्याची वाट आता उरलेली नाही.

या कलमाचा प्राण ‘अप्रामाणिकपणे’ या शब्दात आहे. ज्याला नोंद झाल्याचे ठाऊकच नव्हते, त्याने रोजच्या व्यवहारात ती रक्कम खर्च केली तर तो गुन्हेगार ठरत नाही. मात्र तो परतफेडीला बांधलेला असतो. ज्याला रक्कम आपली नाही हे कळले आणि तरीही ज्याने ती काढली, दुसऱ्या खात्यात वळविली किंवा मागूनही दिली नाही, त्याची गोष्ट वेगळी. आपण प्रामाणिक होतो हे पुढे तोंडी सांगून सिद्ध करणे कठीण. बँकेला पहिल्याच दिवशी दिलेला दोन ओळींचा अर्ज ते सहज सिद्ध करतो. आजच्या विषयाचे सार याच एका गोष्टीत आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

रक्कम जमा झाल्यास काय करावे?

पहिली गोष्ट, रक्कम खरोखरच जमा झाली आहे किंवा नाही याची खात्री करावी. मोबाइलवर आलेला संदेश हा पुरावा नव्हे. पासबुक छापून घ्यावे किंवा बँकेच्या अधिकृत ॲपमधून खाते उतारा पाहावा. सप्टेंबर २०२१ मध्ये बिहारमधील कटिहार जिल्ह्यात दोन शाळकरी मुलांच्या खात्यांत शेकडो कोटी रुपये दिसू लागले होते. गणवेशाचे अनुदान आले काय हे पाहावयास ती मुले गेली होती. प्रत्यक्षात तेवढी रक्कम खात्यात नव्हती. दिसणारा आकडा हा संगणकीय दोष असल्याचे बँकेने स्पष्ट केले.

दुसरी गोष्ट, ती नोंद आपली नाही हे ठरविण्यापूर्वी घरात चौकशी करावी. मुदत ठेवीचे व्याज, प्राप्तिकराचा परतावा, लाभांश, विम्याची रक्कम किंवा परगावी असलेल्या मुलाने पाठविलेले पैसे अशा अनेक रकमा संक्षिप्त नावाने येतात व ओळखू येत नाहीत.

तिसरी गोष्ट, रक्कम आहे तेथेच राहू द्यावी. ती काढू नये, ठेवीत गुंतवू नये, दुसऱ्या खात्यात हलवू नये. खात्यातून आपोआप वजा होणारे कर्जाचे हप्ते असतील, तर आपली स्वतःची शिल्लक त्यांना पुरेल इतकी आहे ना, हे पाहावे. अन्यथा परक्या रकमेतून आपला हप्ता गेला असे व्हावयाचे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आपल्या मूळ शाखेस लेखी कळवावे. अर्जाची भाषा साधी असावी. ग्वाल्हेरच्या शाखेत तो हिंदीत देणे सोयीचे ठरेल. मजकूर साधारणपणे असा असावा :

‘मा. शाखाधिकारी यांस : माझ्या बचत खाते क्रमांक … मध्ये दिनांक … रोजी रुपये … एवढी रक्कम संदर्भ क्रमांक … अन्वये जमा झाल्याचे दिसते. सदर रकमेशी माझा संबंध नाही. आपण चौकशी करून ती योग्य त्या ठिकाणी परत करावी. यासाठी माझी संमती आहे. रक्कम परत केल्याची लेखी पोच मिळावी.’

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि स्वीकारणाऱ्याची सही घ्यावी. शाखेत जाणे शक्य नसेल तर बँकेच्या नोंदलेल्या ईमेल पत्त्यावर हाच मजकूर पाठवावा किंवा ग्राहक सेवा क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवावा. उलट नोंद झाल्यावर तिचा उताराही याच कागदांबरोबर ठेवावा.

पाचवी गोष्ट, चूक लक्षात येण्यापूर्वी रक्कम खर्च झालेली असेल तर ते लपवू नये. किती खर्च झाले आणि किती काळात परत करता येतील हे लेखी सांगावे व हप्त्यांची विनंती करावी. हप्ते मिळणे हा हक्क नसला, तरी सरळपणे बोलणाऱ्याशी तडजोड होण्याची शक्यता पुष्कळच अधिक असते.

दूरध्वनीवरील अनोळखी व्यक्तीपासून सावध

येथवर चूक ही खरी चूक आहे असे गृहीत धरले. परंतु चुकीचे सोंग आणून फसविणाऱ्यांचाही आता सुळसुळाट झाला आहे. ‘रुग्णालयाचे पैसे चुकून तुमच्या खात्यात आले, कृपा करून लगेच परत पाठवा’ असा रडवेल्या आवाजातील दूरध्वनी येतो. त्याआधी रक्कम जमा झाल्याचा एक संदेशही आलेला असतो. संदेश बनावट असतो. खात्यात काहीच आलेले नसते. दयाळू माणूस स्वतःचेच पैसे पाठवून मोकळा होतो. कित्येकदा ‘पैसे परत घेण्यासाठी’ म्हणून पिन टाकावयास सांगितले जाते. यूपीआय पद्धतीत पिन लागतो तो पैसे देण्यासाठी. पैसे येण्यासाठी तो कधीच टाकावा लागत नाही, हे घरातील प्रत्येकास सांगून ठेवावे.

याहून घातक प्रकार असा की, खात्यात खरोखरच रक्कम येते. परंतु ती दुसऱ्या कोणाला फसवून काढलेली असते. ‘चूक झाली, या दुसऱ्या क्रमांकावर परत करा’ असे सांगून गुन्हेगार प्रामाणिक माणसाच्या खात्याचा वाटेतील पूल म्हणून उपयोग करतात. पुढे तपास सुरू झाला की पोलीस त्या साखळीतील प्रत्येक खात्यापर्यंत येतात आणि मधल्या माणसाचे खाते गोठविले जाते. मुलीच्या लग्नासाठी किंवा शस्त्रक्रियेसाठी ठेवलेली स्वतःची शिल्लकही मग काढता येत नाही.

म्हणून नियम असा : रक्कम परत करावी, परंतु मागणाऱ्या व्यक्तीला परस्पर करू नये, बँकेमार्फतच करावी. पलीकडचा माणूस खरा असेल तर त्याला एवढेच सांगावे की, ‘आपण आपल्या बँकेत तक्रार नोंदवा, माझ्या बँकेस मी लेखी कळविले आहे.’ खऱ्या माणसाचे यात काहीच बिघडत नाही आणि खोटा माणूस पुन्हा दूरध्वनी करीत नाही. फसवणुकीचा संशय असल्यास राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांक १९३० वर विनाविलंब कळवावे.

वेतन, निवृत्तिवेतन आणि अनुदान

मध्य प्रदेशाच्या महालेखाकारांचे कार्यालय ग्वाल्हेरात असल्याने निवृत्तिवेतन आणि त्यातील वाढ-घट हा येथील घराघरांतील विषय आहे. वेतननिश्चितीत चूक होऊन जादा वेतन किंवा निवृत्तिवेतन वर्षानुवर्षे जमा होत राहिले तर काय? येथे परिस्थिती थोडी वेगळी आहे. कारण कर्मचाऱ्याला ती रक्कम आपलीच वाटणे स्वाभाविक असते आणि त्याने त्या भरवशावर संसार उभा केलेला असतो.

पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी काही परिस्थितींत अशी वसुली करता येणार नाही असे ठरविले. तृतीय व चतुर्थ श्रेणीतील कर्मचारी. निवृत्त झालेले किंवा वसुलीच्या आदेशापासून वर्षभरात निवृत्त होणारे कर्मचारी. आदेशापूर्वी पाच वर्षांहून अधिक काळ दिली गेलेली जादा रक्कम. वरच्या पदाचे काम करवून घेऊन दिलेले वेतन. आणि जेथे वसुली अन्यायाची व अतिकठोर ठरेल अशी अन्य प्रकरणे यांचा त्यात समावेश आहे. मात्र जादा रक्कम परत करण्याचे हमीपत्र ज्याने आधीच लिहून दिले आहे त्याला ते बंधनकारक राहते, असे याच न्यायालयाने २०१६ साली जगदेव सिंग प्रकरणात सांगितले. निवृत्तिवेतन सुरू होताना बँक अशा स्वरूपाचे हमीपत्र घेत असते. म्हणून त्या वेळी सही केलेल्या कागदांच्या प्रती जपून ठेवणे अगत्याचे आहे.

परंतु या संरक्षणाचा अर्थ ताणू नये. दुसऱ्याच निवृत्तिवेतनधारकाची रक्कम आपल्या खात्यात आली, किंवा एकाच महिन्याचे वेतन दोनदा जमा झाले, तर ती उघड चूक होय आणि ती त्वरित कळविलीच पाहिजे. निवृत्तिवेतनधारकाच्या मृत्यूनंतर खात्यात येत राहणाऱ्या रकमेबद्दल तर विशेष दक्षता हवी. दुःखाच्या दिवसांत बँकेस कळविण्याचे राहून जाते, घरखर्चासाठी कार्डाने पैसे काढले जातात आणि काही महिन्यांनी वसुलीची नोटीस येते. मृत्यूचा दाखला मिळताच तो बँकेत द्यावा आणि कुटुंबनिवृत्तिवेतनाचा अर्ज त्याच वेळी करावा. म्हणजे एक प्रवाह थांबून दुसरा रीतसर सुरू होतो.

शासकीय अनुदानांचेही असेच आहे. ज्या समजुतीने आलमपूर आणि खगडिया येथील प्रकरणे घडली, तिला आजच्या काळात एक आधार आहे. कारण शासनाच्या अनेक योजनांची रक्कम थेट खात्यात जमा होते. परंतु शासन अर्ज अथवा नोंदणी नसताना, योजनेचे नाव नसताना आणि ठरलेल्या आकड्याशिवाय पैसे पाठवीत नाही. उदाहरणार्थ, २०१९ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान किसान सन्मान निधीची रक्कम वर्षाला ६,००० रुपये, ती तीन समान हप्त्यांत, अशी निश्चित आहे. प्राप्तिकर भरणाऱ्यांसारख्या अपात्र व्यक्तींच्या खात्यांत या योजनेचे हप्ते जमा झाले तेव्हा ते परत मागविण्यात आले. रक्कम सरकारी असली तरी अपात्राला ती लाभत नाही.

आपली रक्कम दुसरीकडे गेल्यास

आता नाण्याची दुसरी बाजू. आपल्याच हातून क्रमांक चुकला आणि रक्कम परक्या खात्यात गेली, तर त्याच दिवशी आपल्या बँकेत लेखी तक्रार द्यावी. तारीख, वेळ, रक्कम, संदर्भ क्रमांक, जो क्रमांक टाकावयाचा होता तो आणि जो टाकला गेला तो, अशी सर्व माहिती द्यावी. यूपीआय व्यवहार असल्यास त्या ॲपमधील तक्रारीच्या सोयीतूनही नोंद करावी. आपली बँक घेणाऱ्याच्या बँकेशी संपर्क साधते व ती बँक आपल्या खातेदारास विचारते.

येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. बँकेने स्वतः चुकीची नोंद केली असेल तर ती उलट नोंद करून बँक स्वतःची चूक दुरुस्त करू शकते. पाठविणाऱ्याच्या चुकीने रक्कम गेली असेल तर मात्र घेणाऱ्याच्या संमतीशिवाय किंवा सक्षम आदेशाशिवाय त्याच्या खात्याला हात लावण्यास बँका सहसा तयार होत नाहीत. खातेदाराच्या संमतीचे मोल किती आहे हे यावरून समजावे. तिने ‘होय’ म्हटले तर प्रश्न थोड्या दिवसांत सुटतो. ‘नाही’ म्हटले तर पलीकडच्या माणसाला वकील, नोटीस आणि दिवाणी दावा हा मार्ग धरावा लागतो.

बँकेने तक्रारीची दखल घेतली नाही, किंवा तीस दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. पूर्वी बँका, बिगर-बँक वित्तसंस्था आणि डिजिटल व्यवहार यांच्यासाठी निरनिराळ्या लोकपाल योजना होत्या. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी त्या एकत्र करण्यात आल्या. मात्र आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा हवा. येथेही शिक्का मारलेली दुसरी प्रतच कामास येते.

समारोप

बँकांनी आपल्या यंत्रणा निर्दोष कराव्यात, शाखांत मनुष्यबळ पुरेसे असावे, चूक झाल्यास ग्राहकाला धमकावण्याऐवजी नम्रतेने कळवावे, ही अपेक्षा रास्तच आहे. आलमपुरात ज्याची पुंजी गेली त्याने कोणताही अपराध केला नव्हता, हे विसरून चालणार नाही. परंतु यंत्रणा कितीही सुधारली तरी तिच्या एका टोकाला माणूस असतो आणि दुसऱ्या टोकालाही माणूसच असतो. मधला संगणक आकडे ओळखतो. आकड्यामागील कष्ट तो ओळखत नाही. ते ओळखण्याचे काम खातेदाराचे आहे.

यासाठी फार काही करावे लागत नाही. पासबुक महिन्यातून एकदा पाहावे. अनोळखी नोंद दिसताच रकमेला हात न लावता बँकेस लिहावे. मागणाऱ्याला परस्पर न देता बँकेमार्फत द्यावे. पोच घ्यावी आणि ती जपून ठेवावी. या गोष्टी घरातील ज्येष्ठांना, नुकतेच खाते उघडलेल्या मुलामुलींना आणि ज्यांना अक्षरओळख बेताची आहे अशा शेजाऱ्यांना समजावून सांगितल्या, तर दुसऱ्याची रक्कम सुखरूप परत जाईल आणि आपल्या माणसांवर नाहक किटाळही येणार नाही.